ढोलावर बसलो तो हिवाळा

आयुष्यात मी बऱ्याच चुकीच्या जागी बसलो आहे. एकदा एका लग्नात नवऱ्या मुलासाठी सजवून ठेवलेल्या खुर्चीवर, एकदा विमानात दुसऱ्याच्या सीटवर थेट लंडनपर्यंत. पण ढोलावर एकदाच बसलो, आणि तिथून खऱ्या अर्थाने उठायला मला तीन महिने लागले.

ऐंशीच्या दशकाचा मध्य, ॲन आर्बरमधला आमचा पहिला हिवाळा. ज्या वयात माणसं घराचा पहिला हप्ता भरतात त्या वयात मी नोकरी सोडून एम.एस.ला गेलो होतो. लॅबमधून घरी जायची बस ज्या थांब्यावरून सुटायची त्याच्या समोर संगीत विभागाची इमारत होती. त्या दिवशी बस आली नाही. पाच मिनिटांत माझ्या मिशीवर बर्फ जमलं. समोर दार, दारापलीकडे हीटर. माणूस दुसरं काय करणार? आत शिरलो. एका मोठ्या खोलीचं दार उघडं होतं, आत कोणी नव्हतं आणि कोपऱ्यात गुडघ्याएवढ्या उंचीचं एक गोल स्टूल होतं, वर रंगीत छापाचं कापड टाकलेलं. मी त्यावर बसलो. हातमोजे काढले, बूट काढले, दुपारी राहिलेला पोळीभाजीचा रोल बॅगेतून काढला आणि खायला लागलो.

"ब्रदर," दारातून आवाज आला, "ती खुर्ची नाही."

दारात एक उंच, रुंद, डोक्यावर लोकरी टोपी घातलेला गृहस्थ उभा होता. मी ताडकन उठलो. कापड सरकलं. खाली चामडं. गोल, ताणलेलं, कडेने लाकडी खुंट्या ठोकलेल्या, आणि बरोबर मधोमध माझ्या रोलमधल्या बटाट्याचा एक तुकडा.

आता इथे 'सॉरी' म्हणून बाहेर पडलो असतो तर पुढचं काही घडलंच नसतं. पण माझा स्वभाव असा, की पकडला गेलो की मी माहिती द्यायला लागतो. मी म्हणालो, "मी चामड्याचा ताण बघत होतो. मी तबला वाजवतो ना, भारतात."

त्याने बटाट्याचा तुकडा बोटाने उचलला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "तुमच्याकडे ताण असा बसून बघतात?"

"हो," मी म्हणालो.

त्या 'हो'ने मला अडकवलं. माझा तबला म्हणजे वयाच्या नवव्या वर्षी केलेले सहा महिने. सातव्या महिन्यात गुरुजींनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मुलगा हुशार आहे. त्याला गणिताच्या शिकवणीला घाला."

तो गृहस्थ घानाहून आलेला होता, संगीत विभागात त्यांच्याकडची ढोलवादनाची पद्धत शिकवायचा आणि विद्यार्थ्यांचा एक ताफा चालवायचा. सहा ढोल, दोन खुळखुळे, एक लोखंडी घंटा. ज्यावर मी बसलो होतो त्या जातीच्या ढोलाला पानलोगो म्हणतात. नावाच्या सुरुवातीला एक 'क' असतो, तो आम्हा कोणालाच शेवटपर्यंत उच्चारता आला नाही. त्याचा एक वादक डिसेंबरमध्ये शिक्षण सोडून फ्लोरिडाला उबेत निघून गेला होता. एप्रिलमध्ये कार्यक्रम होता. आणि देवाने त्याच्या ढोलावर आयता एक तबलजी आणून बसवला होता.

"मंगळवारी आणि गुरुवारी, पाच वाजता," तो म्हणाला.

तरीही मी गेलो नसतो. पण तो विद्यापीठाच्या फॅमिली हाउसिंगमध्ये राहायचा. आमच्याच इमारतीत. आमच्याच डोक्यावर.

*

घरी सांगितलं तेव्हा बायको फुलके करत होती. तिने फुलका फुगेपर्यंत थांबून विचारलं, "तुम्ही? तबला?"

"म्हणजे तोंडातून निघून गेलं."

"मग परत घ्या."

"ते इंग्रजीत निघून गेलंय गं. मराठीत असतं तर फिरवलं असतं."

ती हसली नाही. त्या दिवसांत ती हसत नसे, आणि त्याचं कारण सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत ती आठ वर्षं गणित शिकवत होती. शिवाय पंधरा ऑगस्टच्या लेझमीची सगळी जबाबदारी तिची. एकशेवीस मुली, एक हलगीवाला, आणि तोंडात शिट्टी धरून मैदानाच्या मधोमध ही. माझ्यासाठी ती एक वर्षाची बिनपगारी रजा घेऊन आली होती. अमेरिकेने तिच्या पासपोर्टवर जो शिक्का मारला, त्यानुसार तिला नोकरी करायची परवानगी नव्हती. त्या शिक्क्यावरचा शब्द तिने डिक्शनरीत बघितला आणि मला अर्थ वाचून दाखवला: "आश्रित." आवाज न चढवता. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

गाडी नव्हती. बाहेर बर्फ. वारा येऊ नये म्हणून खिडक्यांना आतून प्लास्टिक लावायचं आणि हेअर ड्रायरने ते ताणून घट्ट बसवायचं, अशी तिथली पद्धत. ते मीच उत्साहाने लावलं होतं. मार्चपर्यंत एकही खिडकी उघडणार नव्हती. "मला बरणीत भरून वर दादऱ्याचं फडकं बांधल्यासारखं वाटतं," ती एकदा म्हणाली. मी त्यावर प्लास्टिकमुळे किती उष्णता वाचते ते समजावून सांगितलं.

फ्रिजवर चुंबकाखाली तिच्या मुख्याध्यापिकाबाईंचं पत्र लावलेलं होतं. एप्रिल संपायच्या आत कळवा: जूनमध्ये रुजू होणार, की राजीनामा? दूध काढायला फ्रिज उघडला की ते पत्र डोळ्यांसमोर यायचं. माझा अभ्यास अजून दीड वर्ष तरी चालणार होता. ती थांबावी असं मला वाटत होतं, अगदी मनापासून वाटत होतं; पण 'थांब' म्हणायचं तर बरणीचं झाकण मीच लावल्यासारखं. आणि 'जा' म्हणण्याएवढा मी मोठा नव्हतो. म्हणून मी दूध काढायचो आणि फ्रिज बंद करायचो.

पहिल्या मंगळवारी मी कुरकुरत बूट चढवत होतो तेव्हा ती दाराशी येऊन म्हणाली, "संध्याकाळचं कुठेतरी जायला मिळतंय तुम्हाला, आणि तुम्ही तोंड वाकडं करून निघालाय."

*

तालमीच्या खोलीत गोलात खुर्च्या होत्या. मी सवयीने बूट काढले, ढोलाला हात लावून नमस्कार केला. सगळे बघायला लागले. तबलजीने केलंय म्हणजे त्यात काहीतरी असणार, अशा समजुतीने पुढच्या तालमीला तीन अमेरिकन मुलांनी मोजे काढून ढोलाला नमस्कार केला. त्यातल्या एकाला सर्दी झाली.

पुढची अडचण बसण्याची. पानलोगो दोन्ही पायांच्या मध्ये, थोडा पुढे झुकवून धरायचा. म्हणजे त्याला पाय लागणारच. मी पाय इतके लांब ठेवले की ढोल दोनदा आडवा झाला. मास्तर (आम्ही सगळे त्याला मास्टर म्हणायचो, माझ्या डोक्यात तो मास्तरच होता) जवळ आला.

"पाय लावला तर वाद्य रागावतं तुमच्याकडे?"

"तसं नाही, पण..."

"हे रागावणार नाही. पाय लावला नाहीस तर मात्र पडेल."

एकदा ढोल गुडघ्यांत धरला की उठता येत नाही, वळता येत नाही, घड्याळ बघता येत नाही. तास-सव्वा तास मी त्या लाकडाला जखडलेला असायचो, आणि तेवढ्या वेळात मला वाजवायचे असायचे मोजून चार ठोके. दोन मधे भरीव, एक कडेला, एक उघडा. संपले की पुन्हा तेच. हजार वेळा. मुख्य ढोलावर मास्तर बसायचा. तो बोलेल ते वेगळं, बाकीच्यांनी आपापली एकच ओळ धरून ठेवायची. आणि सगळ्यांच्या वर ती घंटा: पाच ठोके, मधली अंतरं कमी-जास्त, थांबणं नाही. मास्तर म्हणायचा, "घंटा हे घर आहे. कुठेही भटका, पण घराचं दार कुठे आहे ते विसरू नका."

मी मनातल्या मनात मात्रा मोजल्या. सोळा निघाल्या. केवढा आनंद झाला मला! सोळा म्हणजे त्रिताल. म्हणजे हे आपलंच की! मी लगेच पहिल्या ठोक्यावर सम धरली आणि दर आवर्तनाला तिकडे मान टाकायला लागलो. सम जवळ आली की माझे हात आपोआप हळू व्हायचे, समेवर धाडकन यायचे आणि मग समाधानाने क्षणभर विसावायचे. त्या क्षणभरात बाकीचे पाचजण पुढे गेलेले असायचे.

"तू कोणीतरी यायचं आहे असं वाजवतोस," मास्तर म्हणाला.

"आमच्याकडे सम येते," मी म्हणालो.

"इथे कोणी येणार नाही, ब्रदर. सगळे आलेले आहेत. वाजव."

त्याहून मोठा घोटाळा फेब्रुवारीत झाला. मास्तरने मुख्य ढोलावर अशी एक लांबलचक तान घेतली, इतकी आडवळणाने, की आता हा पडतोच असं वाटावं, आणि शेवटच्या क्षणी तो घंटेवर असा अलगद उतरला की माझा उजवा हात आपोआप वर गेला आणि तोंडातून निघालं, "क्या बात है!" लहानपणी वडिलांबरोबर बैठकींना बसून दुसरं काही आलं नसेल, दाद देणं आलं होतं. पण दाद द्यायला हात वर गेला म्हणजे ढोलावरून गेला. माझे चार ठोके गायब झाले, शेजारच्या मुलाने माझ्याकडे बघितलं, त्याचेही गेले, आणि पाच सेकंदांत सगळा ताफा जिना कोसळावा तसा कोसळला. शेवटी एकटी घंटा उरली. ती वाजवणारी मुलगी खिडकीबाहेर बघत होती, तिला काही कळलंच नव्हतं.

मास्तरने डोळे मिटून घेतले. मग म्हणाला, "मी चांगलं वाजवलं?"

"अप्रतिम."

"म्हणून तू मला सोडून गेलास?"

मला फार लाज वाटली. त्याच्याकडे वाखाणणी म्हणजे आपली जागा धरून ठेवणं. माझ्याकडे म्हणजे हातातलं सोडून देणं. हे कळलं, पण हाताला कोण सांगणार?

त्यानंतर मी सुटायचे प्रयत्न सुरू केले. एका गुरुवारी कळवलं की ताप आहे. संध्याकाळी दारावर थाप. मास्तर वरून मिरच्यांच्या सुपाचं भांडं घेऊन खाली आला होता, आणि मी ते पूर्ण पिईपर्यंत तो समोर बसून राहिला. मिरच्या इतक्या की मला खरंच घाम फुटला. "बघ, उतरला," तो म्हणाला. दुसऱ्या वेळी परीक्षेचं कारण सांगितलं. शनिवारी तळघरात कपडे धुवायला गेलो तर हा तिथे बसलेला. मशीन फिरत होतं त्या अर्ध्या तासात त्याने झाकणावर वाजवून माझी बुडालेली तालीम भरून काढली. वर छत त्याचं, खाली तळघरात तो, मधे मी आणि माझी 'आश्रित'.

*

मार्चमध्ये त्याने मला ढोल घरीच आणून दिला. "रोज वीस मिनिटं," म्हणाला.

मी बेडरूमचं दार लावून वाजवायला लागलो. दोन-तीन दिवस बायकोने सहन केलं. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, दर वेळी एकाच ठिकाणी का ठेचकाळताय?"

"सम सापडत नाही."

"समेला काय शोधताय? अंतरं सांगा."

मी घंटेचे ठोके तोंडाने म्हणून दाखवले. तिने फ्रिजवरच्या त्या पत्राचंच रिकामं पाकीट घेतलं आणि मागच्या बाजूला लिहिलं: ३, ३, ४, २, ४. खाली रेघ मारून १६. मग डाळीच्या डब्याचं झाकण डाव्या हातात लोंबतं धरलं आणि उजव्या हातातल्या चमच्याने ती वाजवायला लागली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा असं काही बसलं की मी हात ढोलावर ठेवून नुसता ऐकत राहिलो.

"थांबलात का? वाजवा की!" हा आवाज मी ओळखत नव्हतो. हा मैदानावरचा होता.

मी वाजवलं. ती झाकण ओट्यावर टेकवून चमच्याने ठोके देत होती आणि दुसऱ्या हाताने तव्यावरची पोळी उलटत होती. वर बोलतही होती. "मान नका टाकू. मान टाकलीत की हात लंगडतो. आमच्या सातवी ब मध्ये एक मुलगी होती, डिट्टो तुमच्यासारखी, दर चौथ्या पावलाला आईकडे बघायची."

पाच-सात मिनिटं आम्ही वाजवलं असेल. दारावर थाप पडली. मला वाटलं, झालं, तक्रार. दार उघडलं तर मास्तर, पायांत सपाता, अंगात बनियन.

"सॉरी, सॉरी," मी सुरू केलं, "आवाज फार..."

"घंटा कोण वाजवतंय?"

घंटेवरची ती खिडकीबाहेर बघणारी मुलगी आदल्याच आठवड्यात बर्फावरून घसरली होती आणि तिचं मनगट प्लास्टरमध्ये होतं. महिन्यावर कार्यक्रम, आणि घर चालवायला कोणी नाही. मी बाजूला झालो. मागे स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती, एका हातात झाकण, एका हातात चमचा, गालाला पीठ.

मास्तरने तिला विचारलं. तिने तिच्या जपून जोडलेल्या इंग्रजीत उत्तर दिलं, "थँक यू. पण मे महिन्यात मी घरी जाणार आहे."

मला ते असं कळलं. उंबऱ्यावर उभ्याउभ्या, परक्या भाषेत, दुसऱ्याला सांगताना.

"मॅडम," मास्तर म्हणाला, "कार्यक्रम एप्रिलमध्ये आहे."

आणि ती हसली. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा.

तो गेल्यावर मी बराच वेळ ढोलाच्या खुंट्या तपासत बसलो. शेवटी विचारलं, "ठरलं का मग?"

"तोंडातून निघालं खरं," ती म्हणाली. "कागदावर अजून काही नाही." आणि झाकण घासायला घेतलं.

*

ती तालमीला आली तीच मुळी पाचवारी नेसून, खाली माझे जुने स्नोबूट. हातात घंटा घेतली, वजन बघितलं, दोनदा वाजवून कान लावला. मग मास्तरला म्हणाली, खुर्च्या थोड्या आत घ्या, शेवटच्या मुलाला मी दिसत नाही. मास्तरने मुकाट खुर्च्या आत घेतल्या. दुसऱ्या आठवड्यापासून तो तिला 'टीचर' म्हणायला लागला. कोणी रेंगाळलं तर ती काही बोलायची नाही, नुसती बघायची. ते बघणं मला माहीत होतं. आता सहा फुटी अमेरिकन पोरंही त्या नजरेखाली ताठ बसायची.

येता-जाता बसमध्ये ती सातारच्या मैदानाबद्दल बोलायची. हलगीवाला दर वर्षी कसा उशिरा यायचा, मुली ऊन लागून कशा पडायच्या, एका वर्षी पाऊस असूनही कोणी जागची हलली नव्हती. तिच्या गालांवर रंग आला होता. आणि मी शेजारी बसून भीत होतो. तिला इथे हातात काहीतरी मिळालं म्हणून ती खुलली, की हातात घंटा घेतल्यावर तिला स्वतःचं मैदान आठवलं म्हणून? पहिलं असेल तर ती थांबणार. दुसरं असेल तर मी, स्वतःच्या हाताने, एका खोटेपणापायी, तिची परतीची वाट साफ करून दिली होती. विचारायचा धीर नव्हता. तोवर पाकिटावरचे ते ३, ३, ४, २, ४ फ्रिजवर पत्राच्या शेजारी लागले होते.

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. त्या आठवड्याच्या सोमवारी सकाळी तिने माझ्या हातात एक निळा एरोग्राम दिला. चिकटवलेला. वर शाळेचा पत्ता.

"डिपार्टमेंटजवळ पोस्टाची पेटी आहे ना? तेवढा टाका."

"काय..."

"टाका म्हटलं. बस चुकेल."

मी तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि टाकला नाही. सोमवारी पेटीसमोरून दोनदा गेलो. मंगळवारी लॅबमध्ये नमुने बघायच्या दिव्याच्या काचेवर तो पालथा ठेवून वाचायचा प्रयत्न केला. पदार्थविज्ञानातल्या माझ्या सगळ्या शिक्षणाचा उपयोग होऊन एवढंच वाचता आलं: 'आपली विश्वासू'. बुधवारी ठरवलं, उद्या टाकू. गुरुवारी तालीम होती. शुक्रवारपर्यंत तो एरोग्राम खिशात इतका जड झाला की मी डावीकडे झुकून चालायला लागलो. जोवर तो पेटीत पडत नव्हता, तोवर ती जात नव्हती. आणि राहतही नव्हती. हे मला कळत होतं. तरी हात खिशातच.

*

सभागृहात दोनशेएक माणसं असतील. छापील कार्यक्रमपत्रिकेत माझ्यापुढे 'भारतातील नामवंत तबलावादक' असं छापलेलं. मागे कोट टांगायला जागा नव्हती म्हणून मी तो माझ्या खुर्चीच्या पाठीला अडकवला होता. म्हणजे पुढे ढोल, मागे एरोग्राम, उजवीकडे शेजारच्या मुलापलीकडे बायको घंटा घेऊन उभी, डावीकडे मास्तर. पळायला वाट नव्हती.

पहिली वीस मिनिटं निभावलं. नाकाला खाज आली, ती सोसली. डाव्या पायाला मुंग्या आल्या, सोसल्या. दर सोळा मात्रांनी चार ठोके, चार ठोके. आणि मग मास्तरने ती तान घेतली. फेब्रुवारीतलीच, पण दुप्पट लांब. आडवळणावरून आडवळण, सभागृह श्वास रोखून बसलं, आणि तो उतरला.

माझा हात वर गेला.

खोटं कशाला सांगू, तोंडही उघडलं होतं. तालात भोक पडलं. शेजारच्या मुलाची मान माझ्याकडे वळायला लागली. आणि तेवढ्यात घंटेचा एकच ठोका जरासा जोरात पडला. फार नाही, वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाचं नाव न घेता बाईंनी फळ्यावर खडू आपटावा, तेवढाच. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. पण शेजारचा मुलगा दचकून सरळ बसला आणि माझा वर गेलेला हात तसाच खाली आला, बरोबर पुढच्या ठोक्यावर. घर तिथेच होतं. मी आत शिरलो.

उरलेली वीस मिनिटं मी मान टाकली नाही. डोळ्यांत पाणी होतं ते पुसायला हात मोकळा नव्हता, ही त्या वाद्याची मोठी सोय.

संपल्यावर टाळ्या झाल्या. मास्तर म्हणाला, "ब्रदर, तू परत आलास." एवढंच.

*

घरी चालतच निघालो. बर्फ वितळत होतं, रस्त्याच्या कडेने पाण्याच्या रेघा वाहत होत्या, ऊन होतं. ती पुढे, साडी दोन बोटं वर धरून, चिखल चुकवत. मी मागे, खिशात हात घालून. कोपऱ्यावर पोस्टाची पेटी आली तेव्हा मी थांबलो आणि एरोग्राम बाहेर काढला. कडा चुरगळल्या होत्या.

"मी हा टाकला नाही," मी म्हणालो. "सोमवारपासून."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"मंगळवारी तुमच्या कोटाचं बटण लावत होते ना मी. आतल्या खिशात होता. बुधवारी दुसरा लिहिला, बसने पोस्टात गेले आणि टाकून आले."

"एकटी?"

"नाही, हलगी लावून."

 अख्खा हिवाळा जी बाई एकटी कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पुढे गेली नव्हती, ती बस बदलून पोस्टात जाऊन आली होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"काय लिहिलंयस?"

"तुमच्या हातात आहे तेच. उघडा की. दिव्यावर धरण्यापेक्षा बरं."

तेही तिला माहीत होतं. लॅबमधल्या दिव्याच्या गरम काचेने एरोग्रामवर तपकिरी डाग पडला होता. मी उघडला. चार ओळी होत्या, तिच्या फळ्यावरच्या अक्षरात. दहा जूनला रुजू होईन. लेझमीचा सराव जुलैपासून सुरू करावा, यंदा मैदानात नवीन चाल बसवायची आहे, सोळा मात्रांची. आपली विश्वासू.

मी घडी घातली. पुन्हा उघडली, पुन्हा घातली. मग, पकडला गेलो की मी जे करतो तेच केलं. माहिती द्यायला लागलो. माझे प्रयोग वेळेत झाले तर पुढच्या जुलैपर्यंत संपेल, फार तर ऑगस्ट, म्हणजे तसे चौदा-पंधरा महिनेच, आणि पत्र दहा दिवसांत पोचतं...

तिने माझ्या हातातून एरोग्राम घेतला, पदराच्या टोकाने त्याच्यावरचा चिखलाचा थेंब टिपला आणि परत माझ्याच आतल्या खिशात ठेवला. मग म्हणाली, "आज शेवटी सगळं बरोबर वाजवलंत, पण डावा हात अजून कोणाची तरी वाट बघत थांबतो. तेवढी सवय मोडू नका. वर्षभर तुम्हाला तीच लागेल."